तेरा टक्के ओलावा

वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव. यांपैकी कुठल्याही गावातल्या होतकरू कादंबरीकाराची पहिली तक्रार बहुधा एकच असते: आपण पुण्यात नाही. प्रकाशक तिकडे, समीक्षक तिकडे, प्रकाशन समारंभाची सभागृहं तिकडे. तक्रार अगदीच खोटी नाही. पण तिच्या पोटात एक समजूत दडलेली असते. लिहिणं हे खरं काम आणि लिहिलेलं लोकांपर्यंत नेणं हे दुय्यम, थोडं कमी प्रतीचं काम, अशी ती समजूत. कादंबरीच्या बाबतीत ही दोन कामं इतकी वेगळी नसतात. ज्या तपशिलामुळे कादंबरीवर वाचकाचा विश्वास बसतो, त्याच तपशिलामुळे तिला पहिला वाचक मिळतो. आणि कापसाच्या गावाचा तपशील पुण्यात मिळत नाही.

या प्रकरणात एक काल्पनिक कादंबरी हाताशी धरू, म्हणजे सल्ला हवेत राहणार नाही. हिंगणघाटजवळच्या एका खेड्यातलं घर. चार एकर कोरडवाहू शेती. बाप, आई, भरतीच्या परीक्षा देत बसलेला थोरला मुलगा आणि घरचा सगळा हिशेब वहीत लिहिणारी धाकटी मुलगी. एवढंच. आता याची कादंबरी कशी होईल ते पाहू.

विषय म्हणजे कादंबरी नव्हे

‘तुम्ही कशावर लिहिता आहात?’ असं विचारलं की नवलेखक म्हणतो, ‘शेतकऱ्यांच्या प्रश्नांवर.’ हे उत्तर अग्रलेखाला चालेल. विदर्भातल्या ज्या कादंबऱ्या टिकल्या, त्यांच्याकडे पाहा. उद्धव शेळके यांची ‘धग’ (१९६०) गरिबीवर नाही. ती कौतिकवर आहे. नवऱ्याचा आधार नसताना संसार उभा ठेवण्यासाठी झटणारी ती एक बाई आहे. मनोहर तल्हार यांची ‘माणूस’ (१९६३) श्रमिकांच्या शोषणावर नाही, अमरावतीतल्या एका रिक्षावाल्यावर आहे. सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’मधला एकनाथ शिकलेला आहे, नोकरी नाही, शेती पुरत नाही, आणि बायकोच्या अपेक्षा त्याच्यापुढे उभ्या आहेत. या कादंबरीला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. रमेश इंगळे उत्रादकरांच्या ‘निशाणी डावा अंगठा’मध्ये साक्षरता अभियान राबवताना कागदावर आणि गावात काय काय चालतं ते दिसतं. प्रश्न सगळ्यांत आहेत, पण ते कुणाच्या तरी अंगावर आलेले आहेत.

म्हणून पहिलं काम असं. आपल्या विषयाचं वाक्य खोडा आणि त्याजागी माणसाचं वाक्य लिहा. त्या वाक्यात तीन गोष्टी हव्यात: कुणाला काय हवं आहे, कधीपर्यंत हवं आहे आणि आडवं कोण येतं आहे. आपल्या काल्पनिक घरात बापाला कापूस विकून ३१ मार्चच्या आत सोसायटीचं पीककर्ज भरायचं आहे. मुलाला त्याच पैशातून शहरात खोली घेऊन राहायचं आहे. मुलीला घराचा हिशेब खरा हवा आहे, कारण कृषी केंद्रावरची उधारी बाप लपवतो आहे, असा तिला संशय आहे. तिघांची नजर एकाच ढिगावर आहे आणि ढीग एकच आहे. इथे कादंबरी सुरू होऊ शकते.

कोणाच्या डोळ्यांनी सांगायची, हेही यातूनच ठरतं. जो सर्वांत जास्त सोसतो त्याच्या डोळ्यांनी सांगण्याचा मोह होतो. त्याऐवजी जो सर्वांत जास्त शोधतो त्याच्या नजरेचा विचार करा. बापाला उत्तर माहीत आहे, तो ते लपवतो. मुलीला माहीत नाही, ती शोधते. वाचक शोधणाऱ्याच्या मागे जातो.

प्रसंग कसा उभा राहतो

‘बाजारात शेतकऱ्याची पिळवणूक होत होती,’ हे वाक्य कुणालाही लिहिता येतं, मुंबईत बसूनही. ज्याने हिंगणघाटच्या रांगेत रात्र काढली आहे, त्याला आणखी काही माहीत असतं. भारतीय कापूस महामंडळाच्या हमीभाव खरेदीत कापसातला ओलावा मोजतात. तो ८ टक्क्यांच्या पुढे गेला की भाव उतरत जातो आणि १२ टक्क्यांच्या पुढे कापूस घेतच नाहीत. गाड्यांची रांग रात्रभर उघड्यावर असते. हिवाळ्यात दव पडतं. घरून कोरडा निघालेला कापूस सकाळी मीटरवर चढतो, तेव्हा तो कोरडाच असेल याची खात्री नसते. पिळवणूक हा शब्द न वापरता तिचं सगळं यंत्र या चार ओळींत आलं. आता प्रसंग लिहू:

बापानं मीटरकडे पाहिलं नाही. ग्रेडरच्या तोंडाकडे पाहिलं.
‘किती भरला साहेब?’
‘तेरा.’
‘काल घरून निघालो तवा कोरडा होता जी.’
‘काल आणायचा होता मग.’

रात्री घरी:

‘किती भरला बाबा?’
‘बारा. लिहून घे.’
तिनं पेन उघडलं. मग बापाच्या हातातल्या नोटांकडे पाहिलं. सरकारी खरेदीचे पैसे खात्यात येतात.

इथे काय घडलं ते पाहा. तेरा हा आकडा माहिती म्हणून आला होता; तो आता गुपित झाला. बाप खोटं बोलला आणि मुलीने ते पकडलं, पण बोलली नाही. पुढचं पान उलटायला वाचकाला कारण मिळालं. प्रसंग लिहिताना हीच कसोटी लावा: प्रसंगाच्या सुरुवातीला जे नातं होतं, ते शेवटी तसंच्या तसं राहिलं का? राहिलं असेल तर तो प्रसंग कितीही सुंदर असो, तो वर्णन आहे. पहिल्या खर्ड्यात अशी वर्णनं भरपूर असतात. सीतादहीचा विधी, तान्हा पोळ्याला सिंदी रेल्वेची गर्दी, गिरडची टेकडी, बोरच्या जंगलाचा काठ. ती ठेवायला हरकत नाही. फक्त प्रत्येकाला विचारा की इथे कुणाचं काय बदललं. सीतादहीच्या दिवशी आईने पहिल्या वेच्याचा कापूस बाजूला काढून ठेवला आणि तो कुणासाठी हे सांगितलं नाही, तर तो विधी कादंबरीचा झाला.

हंगाम हा सांगाडा, कथानक नव्हे

कापूस लिहिणाऱ्याला एक आयती सोय आहे. मृगात पेरणी, मग डवरणी-निंदण, फुलपाती, बोंडं, दिवाळीच्या आसपास वेचणी, मग विक्री आणि शेवटी पऱ्हाटी उपटणं. काळाचा हा क्रम वाचकाला धरून ठेवतो आणि लेखकालाही. पण याच सोयीत खड्डा आहे. ‘आता जुलै, आता ऑगस्ट’ असं लिहीत गेलात की कादंबरी कृषी दिनदर्शिका होते. दर टप्प्याला एक निर्णय बांधा, आणि तो परत घेता येणार नाही असा असू द्या. पेरणीला बापाने उधारीवर बियाणं उचललं. निंदणीला मुलाने घरी न सांगता परीक्षेचा अर्ज दुसऱ्या जिल्ह्यातून भरला. वेचणीला मुलीने वही दोन ठिकाणी लिहायला सुरुवात केली. असे सात-आठ निर्णय एका कागदावर ओळीने लिहिले की मधल्या शंभर पानांची भीती जाते. बहुतेक नवलेखकांची कादंबरी तिथेच बसते: सुरुवात दमदार, शेवट ठरलेला, मध्ये मात्र माणसं नुसती चहा पितात.

जाडीचा धाक बाळगू नका. अमरावतीत जन्मलेल्या विश्राम बेडेकरांनी कादंबरी एकच लिहिली, ‘रणांगण’ (१९३९). ती आटोपशीर आहे, युरोपातून परतणाऱ्या बोटीवर घडते आणि आजही वाचली जाते. ‘कोसला’ (१९६३) थोड्याच दिवसांत लिहून झाली, ही गोष्ट नवलेखकांना फार आवडते. त्या गोष्टीतला उपयोगाचा भाग वेगळा आहे: लिहायला दिवस थोडे लागले, तरी तो आवाज सापडेपर्यंतची वर्षं त्या हिशेबात धरलेली नाहीत.

लिखाण मुदतीवर होतं. हरि नारायण आपट्यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ साप्ताहिक सुरू केलं आणि त्यात कादंबऱ्या क्रमशः छापल्या. अंक निघायचा म्हणून प्रकरण लिहून व्हायचं. आज तुमच्यासाठी कुणी अंक थांबवून ठेवलेला नाही, तेव्हा मुदत स्वतः घाला. नोकरी किंवा शेती सांभाळून रोज एक पान लिहिलं तरी वर्षाअखेर खर्डा हातात असतो. पहिला खर्डा पुरा होईपर्यंत मागचं सुधारत बसू नका. पुरा झाला की महिनाभर कपाटात ठेवा आणि मग मोठ्याने वाचा. जीभ जिथे अडखळते तिथे वाक्य चुकलेलं असतं.

बोली किती आणि कुठे

वर्धा नदीच्या पलीकडे अमरावती-यवतमाळ, वऱ्हाडी मुलूख, पूर्वेला नागपूर. वर्धा जिल्ह्याची बोली या दोन्हींच्या मध्ये आहे. ‘मले-तुले’, ‘काहून’, ‘करून राहिला’, ‘जी’ आणि ‘बाप्पा’ हे सगळं कानावर असतं. ते कागदावर आणताना दोन चुका होतात. एक, सगळी पात्रं सारखीच बोली बोलतात. वरच्या प्रसंगात बाप ‘तवा’ म्हणतो आणि ग्रेडर ‘आणायचा’ म्हणतो. दोघांतलं अंतर तेवढ्यातच कळतं, वेगळं सांगावं लागत नाही. एकच माणूसही घरात एक आणि कचेरीत एक बोलतो. त्याची बोली कुठे बदलते, तिथे त्याची भीती दिसते. दुसरी चूक म्हणजे प्रत्येक उच्चार लेखणीने पकडायचा हट्ट. मग वाचक अर्थ सोडून हिज्जे सोडवत बसतो. बोली मुख्यतः वाक्याच्या ठेवणीत असते. क्रियापदं, संबोधनं आणि नेमके शब्द राखा. बाकीचं सोपं ठेवा.

निवेदनाचं काय? ‘धग’मध्ये शेळक्यांनी निवेदन प्रमाण मराठीत ठेवलं आणि संवाद वऱ्हाडीत. ही वाट सरावाची आणि सुरक्षित आहे. सगळी कादंबरीच बोलीत सांगायची असेल, तर सांगणारा कोण आणि तो कुणाला सांगतो आहे हे आधी ठरवा. आपल्या कादंबरीत मुलगी वहीत लिहिते. ती बोलेल बोलीत आणि लिहील शाळेत शिकलेल्या मराठीत. तिची ही दोन तोंडं हाच कादंबरीचा आवाज होऊ शकतो.

गावातला वाचक चूक पकडतो

तुमचा पहिला वाचक त्याच मुलखातला असणार, आणि त्याला सगळं ठाऊक असणार. १९३८ मधल्या पात्राच्या तोंडी ‘सेवाग्राम’ घातलंत की तो पुस्तक मिटेल. गांधीजी १९३६ मध्ये जिथे राहायला गेले, त्या गावाचं नाव शेगाव होतं. बुलडाण्याच्या शेगावशी टपालाचा घोळ होई, म्हणून १९४० मध्ये ते सेवाग्राम झालं. आर्वीहून पुलगावला निघालेलं १९७५ मधलं पात्र अरुंद मापाच्या छोट्या गाडीत बसेल. आजचं पात्र बसू शकणार नाही, ती गाडी बंद होऊन काळ लोटला. १९८५ मध्ये शेतकऱ्याने खासगी व्यापाऱ्याला उघडपणे कापूस विकला, असं लिहिलंत तर तीही चूकच: १९७२ पासून राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना होती. खासगी विक्री म्हणजे चोरून राज्याबाहेर कापूस नेणं. पाहा, चूक टाळताना एक आख्खं प्रकरण हाती लागलं. बीटी कापसाला देशात परवानगी मिळाली २००२ मध्ये. त्याआधीच्या शेतात बोंडअळी वेगळ्या तऱ्हेने येते आणि फवारणीचा खर्चही वेगळा असतो.

असा तपशील कुठे मिळतो? रसेल यांनी संपादित केलेलं १९०६ चं वर्धा जिल्ह्याचं गॅझेटियर जुन्या काळासाठी उपयोगी आहे. वर्ध्याच्या सत्यनारायण बजाज सार्वजनिक जिल्हा ग्रंथालयासारख्या ठिकाणी बसून जुनं वाचता येतं. पण मुख्य पुरवठा माणसांकडून होतो. जिनिंगमधला कामगार, वेचणीला जाणाऱ्या बाया, अडत्या, सोसायटीचा गटसचिव, एसटीचा निवृत्त वाहक. त्यांना मत विचारू नका, काम विचारा. ‘शेतीचं काय होणार?’ म्हटलं की भाषण मिळतं. ‘रांगेत रात्री झोपता कुठे?’ म्हटलं की कापसावर ताडपत्री टाकून तिच्यावर झोपलेला माणूस मिळतो. सांगणाऱ्याचं नाव, जात, गाव, धंदा ओळखू येईल अशा रीतीने वापरू नका. दोन-तीन माणसांचा एक करा. ही सभ्यता आहे आणि बदनामीच्या खटल्यापासून संरक्षणही.

खर्डा तयार झाला की यांच्यापैकी दोघांना त्यांच्या कामाची प्रकरणं वाचून दाखवा. ‘छान आहे’ ऐकायचं नाही. ‘असं नसते ना भाऊ’ हे ऐकायचं आहे. तिसरा वाचक असा शोधा ज्याला कापसातलं काहीच कळत नाही. पहिल्या दोघांना पटलं आणि तिसऱ्याला कंटाळा आला नाही, की हस्तलिखित पाठवायला हरकत नाही.

प्रकाशक, करार, अनुदान

आठशे पानांचं बाड न विचारता कुरिअरने पाठवू नका. प्रकाशकाच्या अलीकडच्या कादंबऱ्या आधी वाचा. तो आपल्यासारखं काही छापतो का, ते पाहा. नागपुरातही प्रकाशक आहेत. आकांक्षा, विजय ही परिचित नावं. मग एक पानी पत्र, दोन पानी गोषवारा (शेवटासकट, प्रकाशकापासून शेवट लपवायचा नसतो) आणि सुरुवातीची तीन प्रकरणं. पत्रात ‘समाजातील दाहक वास्तव’ लिहू नका. प्रत्येक पत्रात ते असतं. ‘एका शेतकऱ्याने मीटरवरचा आकडा घरी खोटा सांगितला, आणि हिशेब लिहिणाऱ्या त्याच्या मुलीला ते कळलं’ असं लिहा. त्याआधी एखादं प्रकरण दिवाळी अंकात किंवा विदर्भ साहित्य संघाच्या ‘युगवाणी’सारख्या नियतकालिकात आलं असेल, तर त्याचा उल्लेख करा. १९०९ च्या ‘मनोरंजन’पासून दिवाळी अंकांनी मराठीत लेखक घडवले आहेत, तो दरवाजा अजून उघडा आहे.

प्रकाशकाने लेखकाकडे पैसे मागितले, तर ते प्रकाशन नव्हे, छपाईची सेवा आहे. सेवा म्हणून ती घ्यायला हरकत नाही, पण मग प्रती कुणाच्या, त्या कुणाच्या गोदामात राहणार आणि विक्री कोण करणार, हे लेखी घ्या. पुस्तकाला आयएसबीएन क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनाशुल्क मिळतो. त्याचे पैसे कुणी मागत असेल तर विचार करा.

करार वाचायला वकील लागतोच असं नाही. एवढं माहीत असू द्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लिहिल्या क्षणी हक्क तुमचा असतो, नोंदणी सक्तीची नाही, आणि तो तुमच्या हयातीनंतर ६० वर्षं टिकतो. हक्क हस्तांतरित करायचा तर लेखी आणि सहीनिशी करावा लागतो. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता. छापील पुस्तक, ई-बुक, श्राव्य पुस्तक, अनुवाद, चित्रपट हे हक्क वेगवेगळे आहेत. एका ओळीत ‘सर्व हक्क’ देऊन टाकू नका. सुहास शिरवळकरांचं निधन २००३ मध्ये झालं आणि त्यांच्या ‘दुनियादारी’वर चित्रपट आला २०१३ मध्ये. कादंबरीचं नशीब कधी उघडेल, सांगता येत नाही.

पहिल्या पुस्तकासाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. तिची जाहिरात येते, अर्जासोबत हस्तलिखित द्यावं लागतं. पुस्तक निघाल्यावर राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांत पहिल्या कादंबरीसाठी श्री. ना. पेंडसे यांच्या नावाचा वेगळा पुरस्कार आहे. वय ३५ च्या आत असेल तर साहित्य अकादमीचा युवा पुरस्कारही आहे. पाठवा, पण त्यावर घर उभं करू नका. ‘फेसाटी’साठी २०१८ चा युवा पुरस्कार मिळालेल्या नवनाथ गोरे यांच्यावर २०२० च्या टाळेबंदीत शेतमजुरीला जायची वेळ आली होती. मराठीत कादंबरी हे उपजीविकेचं साधन क्वचितच होतं. हे आधी मान्य केलं की निर्णय शांतपणे घेता येतात.

वाचकापर्यंत चालत जाणं

स्वतःच्या पुस्तकाविषयी बोलायची लाज वाटते, असं म्हणणाऱ्यांनी पवनारच्या विनोबांकडे पाहावं. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली, साने गुरुजींनी ती उतरवून घेतली आणि त्यांचं ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक झालं. पुढे भूदानाच्या पदयात्रेत मुक्कामाच्या गावी ते विकलं जाई आणि घेणाऱ्याला त्यावर विनोबांची सही मिळे. इतका निरिच्छ माणूस, पण आपलं पुस्तक वाचकाच्या हाती जावं यात त्याला कमीपणा वाटला नाही. कादंबरीकाराला आध्यात्मिक अधिकार नसतो, पण रस्ता तोच आहे: मुक्काम, माणसं, प्रत, सही.

वर्ध्यात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन दोनदा झालं, १९६९ मध्ये पु. शि. रेगे अध्यक्ष असताना आणि २०२३ च्या ३ ते ५ फेब्रुवारीला नरेंद्र चपळगावकर अध्यक्ष असताना. दुसऱ्या वेळी त्याच दिवसांत गावात विद्रोही संमेलनही भरलं. अशा गर्दीवर नवलेखकाने फार विसंबू नये. मांडवात शेकडो पुस्तकांमध्ये आपलं एक असतं, आणि पुढचं संमेलन आपल्या गावी कधी येईल कुणास ठाऊक. दरवर्षी येणारे छोटे प्रसंग अधिक कामाचे: १४ ते २८ जानेवारीचा मराठी भाषा संवर्धन पंधरवडा, २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन, १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन आणि जिल्ह्याचा ग्रंथोत्सव. या दिवसांत शाळा-महाविद्यालयांना वक्ता हवाच असतो. महिनाभर आधी पत्र द्या. गेल्यावर पुस्तकाची स्तुती करू नका; ओलाव्याचा प्रसंग वाचून दाखवा आणि शेवट न सांगता थांबा.

दुसरी मोठी वाट ग्रंथालयांची. १९६७ च्या कायद्यामुळे महाराष्ट्रात अ, ब, क, ड वर्गांच्या शासनमान्य ग्रंथालयांचं जाळं पसरलं आहे. त्यांची संख्या ११ हजारांच्या घरात आहे आणि अनुदानाचा काही भाग त्यांना पुस्तकांवर खर्च करावा लागतो. ग्रंथालय संचालनालय निवडक पुस्तकांची यादी काढतं. तिच्यासाठी आपलं पुस्तक वेळेत जमा झालं का, हे प्रकाशकाला विचारा. विसरणारे प्रकाशक कमी नाहीत. आणि तालुक्यातल्या ग्रंथपालांना स्वतः भेटा. घरी नेऊन वाचणारे वाचक ग्रंथपालाला नावाने ठाऊक असतात. त्याने एकदा ‘हे न्या, आपल्याकडचं आहे’ म्हटलं, तर तेवढं दहा पोस्टनी साधत नाही.

मोबाइलवरच्या प्रसिद्धीचे नियम थोडे आहेत. गटागटांत मुखपृष्ठ टाकत सुटू नका. लोक अंगठा दाखवतात आणि पुढे सरकतात. त्याऐवजी कादंबरीसाठी जमवलेली माहिती थोडी थोडी द्या: पुलगाव-आर्वी गाडीची गोष्ट, एकाधिकार खरेदीच्या काळातल्या आठवणी, एखाद्या जुन्या अवजाराचं छायाचित्र. ज्यांना यात रस आहे तेच तुमचे वाचक आहेत. ते खाली स्वतःची आठवण लिहितात. त्यांची नावं नोंदवून ठेवा. परीक्षणासाठी प्रती मोजक्या पाठवा, सोबत हाताने लिहिलेलं पत्र जोडा आणि पुन्हा पुन्हा आठवण करून देऊ नका. वाईट परीक्षण आलं तर उत्तर देऊ नका. मैत्रीखातर फुकट प्रती वाटू नका. मित्राने विकत घेतली तर तो वाचण्याची शक्यता वाढते. प्रकाशन समारंभावर होणारा खर्च मांडून पाहा. त्या पैशात आठही तालुक्यांच्या ग्रंथालयांत स्वतः जाऊन येता येतं.

जिनिंगवाल्याला, अडत्याला, वेचणीच्या बायांना मात्र प्रत स्वतः नेऊन द्या. त्यांना वाचता येत नसेल तर त्यांचं प्रकरण वाचून दाखवा. त्यांचा तपशील पुस्तकात खरा उतरला असेल, तर बाजार समितीच्या रांगेत ते आपणहून सांगतील की यात आपली रांग आहे. जाहिरातीच्या कुठल्याही पैशाने हे विकत मिळत नाही, आणि पान लिहिताना कष्ट घेतले नसतील तर मागून मिळत नाही. प्रसिद्धीचं अर्धं काम लिखाणाच्या टेबलावरच झालेलं असतं, ते या अर्थाने.

मग काही वाचक फोन करतील आणि चुका सांगतील. ‘मीटर असं नाही धरत भाऊ.’ ‘आमच्याकडे उधारीचा हिशेब वेगळा असते.’ वाद घालू नका, वही काढा. ज्याने चूक सांगितली त्याने पुस्तक शेवटपर्यंत वाचलं आहे, आणि ‘आमच्याकडे वेगळं असते’ म्हणणाऱ्याकडे दुसऱ्या कादंबरीचा पहिला प्रसंग असण्याची शक्यता बरीच आहे. त्याला भेटायची वेळ विचारूनच फोन ठेवा.